'पुट ऑफ' : दूर नेमके काय ठेवायचे?

काही दिवसांपूर्वी एका परिचितांनी त्यांना आलेला एक इंग्रजी निरोप मला दाखवला. मजकूर एका ओळीचा होता: 'सॉरी, वुई विल हॅव टु पुट यू ऑफ टिल थर्सडे.' त्यांचा चेहरा उतरला होता, कारण 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'ऑफ' म्हणजे बंद, अशी दोन अर्थांची बेरीज करून आपल्याला बाजूला काढले गेले आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. 'टिल थर्सडे' हे शेवटचे शब्द त्यांनी वाचले होते, पण ते त्या बेरजेत कुठेच बसेनात, म्हणून सोडून दिले होते. निरोपाचा खरा अर्थ इतकाच होता की ठरलेली भेट आज होऊ शकत नाही, ती गुरुवारी होईल.

या गृहस्थांचे इंग्रजी कच्चे मुळीच नाही. निरोपात 'पोस्टपोन' हा शब्द असता, तर ते क्षणभरही अडखळले नसते. इंग्रजी वाचणाऱ्या बहुतेकांचा अनुभव असाच आहे. लांबलचक, जड शब्द शब्दकोशात सापडतात आणि एकदा सापडले की फसवत नाहीत. अडचण येते ती 'पुट', 'गेट', 'टेक' अशा पहिल्या इयत्तेत शिकलेल्या क्रियापदांपाशी, कारण त्यांच्या मागे 'ऑफ', 'अप', 'आउट' यांपैकी एखादा शब्द येऊन बसला की ओळखीचे क्रियापद एकाएकी अनोळखी होते. या लेखात अशा जोड्यांपैकी 'पुट ऑफ' ही एकच जोडी घेऊन ती पुरती उलगडून पाहू.

बेरीज का चुकते

क्रियापद आणि त्याच्या मागे येणारा असा एखादा छोटा शब्द यांचा मिळून जेव्हा एकच अर्थ होतो, तेव्हा त्या जोडीला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. त्यातल्या छोट्या शब्दाला व्याकरणात 'पार्टिकल' असे नाव आहे. आपण त्याला धाकटा शब्द म्हणू. 'फ्रेजल व्हर्ब' ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 साली छापील पुस्तकात वापरली आणि ती आपल्याला ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नमूद केले. संज्ञा नवी असली तरी डोकेदुखी जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपल्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले होते की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत इंग्रजीत फार आहे आणि परकीयांना सर्वाधिक त्रास तिचाच होतो.

मराठी वाचकाला मात्र ही रीत वाटते तितकी परकी नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना एक जुना श्लोक आठवत असेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो. जसे प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार. हे पाचही शब्द 'हृ' या एकाच धातूपासून आले आहेत, ज्याचा मूळ अर्थ नेणे, हरण करणे असा आहे. पण प्रहार करणारा काय नेतो आणि आहार घेणारा काय हरण करतो, असे आपण कधी विचारत नाही. 'प्र', 'आ', 'सम्', 'वि', 'परि' यांनी जिथे ओढले तिथे अर्थ गेला, हे आपण निमूट मान्य करतो. इंग्रजीतला धाकटा शब्द हेच काम करतो. फरक जागेचा आहे. आपला उपसर्ग धातूच्या डोक्यावर बसतो आणि इंग्रजीचा धाकटा शब्द त्याच्या पाठीमागून येतो, शिवाय पुष्कळदा दोन पावले अंतर राखून. त्यामुळे तो त्याच कुटुंबातला आहे हे नजरेतून सुटते.

आधी 'ऑफ' समजून घ्यावा

'पुट ऑफ'चा अर्थ लावताना बहुतेक जण 'पुट'पासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. 'पुट' हे रंग नसलेले क्रियापद आहे. ठेवणे, घालणे, लावणे, टाकणे, मांडणे यांपैकी काहीही त्यात मावते. म्हणजे ते केवळ इतकेच सांगते की कोणीतरी कशाला तरी कुठेतरी नेऊन ठेवले. कुठे, हे सांगण्याचे काम 'ऑफ'कडे आहे.

'ऑफ' आणि 'ऑव्ह' हे एके काळी एकच शब्द होते. जोर देऊन उच्चारला की 'ऑफ', ओझरता उच्चारला की 'ऑव्ह', असे त्याचे दोन उच्चार होत गेले आणि पुढे ते दोन स्वतंत्र शब्द म्हणून लिहिले जाऊ लागले. मूळ अर्थ 'पासून दूर'. मराठीत त्याला सर्वांत जवळचा प्रत्यय 'वरून' हा आहे. पुस्तक टेबलावरून पडले, याला 'फेल ऑफ द टेबल' म्हणतात. शर्टाचे बटण निघाले, तर ते 'केम ऑफ'. एखादी गोष्ट जिथे टेकलेली, चिकटलेली किंवा लागलेली होती तिथून सुटली, हे चित्र 'ऑफ' उभे करतो.

आपण मात्र मराठीत 'ऑफ' उसना घेतला तो बटणावरून. दिवा ऑफ, पंखा ऑफ, फोन ऑफ, आणि त्याच ओघात मूडही ऑफ. त्यामुळे 'ऑफ म्हणजे बंद' हे समीकरण डोक्यात पक्के बसले. वास्तविक बंद होणे हा 'ऑफ'चा पुढे आलेला अर्थ आहे: प्रवाहाशी असलेली जोड तुटली, म्हणून दिवा बंद झाला. हे ध्यानात न घेतल्यास एक गमतीदार पेच उभा राहतो. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले, पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजू लागला. ऑफ होऊन एक गोष्ट थांबते आणि दुसरी सुरू होते, हे 'ऑफ म्हणजे बंद' या समीकरणाने कधीच सुटणार नाही. 'होती त्या स्थितीतून सुटली' असे म्हटले की दोन्ही वाक्ये जागेवर येतात. पेटलेला दिवा पेटलेपणातून सुटला आणि गप्प बसलेला गजर गप्पपणातून सुटला. बंदुकीचा बार उडतो तेव्हाही इंग्रजीत 'वेंट ऑफ'च म्हणतात, आणि गंमत अशी की तिथे आपणही 'सुटणे' हेच क्रियापद वापरतो: गोळी सुटली.

दूर ठेवले जाते ते काय

आता दोन्ही एकत्र आणू. 'पुट ऑफ' म्हणजे एखादी गोष्ट तिच्या जागेवरून दूर नेऊन ठेवणे. ती गोष्ट कोणती, यावर या जोडीचे सगळे अर्थ अवलंबून आहेत.

सर्वांत नेहमीचा अर्थ कामाचा किंवा प्रसंगाचा. 'दे पुट ऑफ द मीटिंग' म्हणजे त्यांनी बैठक पुढे ढकलली; बैठक आपल्या तारखेवरून उचलून लांब ठेवली. 'पोस्टपोन' या शब्दाची फोड केली तर त्यातही हेच सापडते, कारण तो लॅटिनमधून आला आहे आणि तिथे 'पोस्ट' म्हणजे नंतर व 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. म्हणजे लॅटिनने नंतर ठेवले, इंग्रजीने दूर ठेवले आणि मराठीने पुढे ढकलले. मराठीचा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. कामे नंतर नीट ठेवली जात नाहीत, ती ढकललीच जातात.

दूर ठेवली जाणारी गोष्ट माणूस असेल तर अर्थाला वेगळी छटा येते. परिचितांच्या निरोपातली छटा सौम्य होती: तुमची भेट गुरुवारवर टाकतो. पण 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ' असे कोणी म्हणाले, तर त्यात तक्रार आहे. तो मला आज-उद्या करत टोलवतो आहे, असे ते वाक्य सांगते. त्यापुढे 'विथ एक्सक्यूजेस' जोडले की आपली 'सबबी सांगून बोळवण करणे' ही क्रिया पुरी होते. माणसाला दारातून आत न घेता दूर ठेवायचे, हे चित्र दोन्ही भाषांत सारखेच आहे.

तिसरा अर्थ मनाचा, आणि गैरसमज सर्वांत जास्त होतात ते इथे. 'द स्मेल पुट मी ऑफ' या वाक्यात वासाने कोणालाही पुढे ढकललेले नाही. त्या वासाने माझे मन उडाले, मला नकोसे झाले, असा त्याचा अर्थ आहे. 'पुट मी ऑफ माय फूड' म्हटले की मराठीत नेमके 'अन्नावरची वासना उडाली' असे होते. आपण मन 'वरून' उडाले म्हणतो आणि इंग्रजी माणूस 'ऑफ' म्हणतो. पाखरू फांदीवरून उडावे तसे मन त्या गोष्टीवरून उठते. याच अर्थाचा कर्मणी प्रयोग रोजच्या इंग्रजीत फार आढळतो. 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द कव्हर' म्हणजे मुखपृष्ठ पाहून मागे फिरू नका, पुस्तक चांगले आहे.

चौथा अर्थ लक्षाचा. कोणी लिहीत असताना तुम्ही खांद्यावरून वाकून पाहू लागलात, तर तो म्हणेल, 'स्टॉप इट, यू आर पुटिंग मी ऑफ.' इथे किळस नाही आणि कंटाळाही नाही. लक्ष हातातल्या कामावरून ढळते आहे, एवढेच. ब्रिटिश इंग्रजीत 'पुट मी ऑफ माय स्ट्रोक' असाही वाक्प्रचार आहे. लयीत चाललेल्या माणसाची लय बिघडवणे, असा त्याचा भाव आहे.

याशिवाय होडी किनाऱ्यापासून निघाली की तिच्यासाठीही 'द बोट पुट ऑफ फ्रॉम द शोअर' असे म्हणत. हा वापर आता जुनाट झाला आहे, पण त्यात सगळ्या अर्थांचे मूळ चित्र उघड दिसते: किनारा, होडी आणि दोघांमध्ये वाढत जाणारे पाणी.

एकच वाक्य तीन अर्थांचे असेल तर?

'ही पुट मी ऑफ' या चार शब्दांच्या वाक्याचे तीन अर्थ संभवतात. त्याने माझी भेट पुढे ढकलली, त्याच्यामुळे माझे मन उडाले, किंवा त्याने माझे लक्ष विचलित केले. मग वाचकाने ओळखायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे.

पहिली खूण कर्त्याची. कर्ता निर्जीव असेल, म्हणजे वास, किंमत, आवाज, हवामान, एखाद्याचे बोलणे, तर अर्थ जवळजवळ नेहमी मन उडण्याचा किंवा लक्ष ढळण्याचा असतो, कारण वासाला तारखा बदलता येत नाहीत. दुसरी खूण शेपटाकडे असते. वाक्याच्या शेवटी 'टिल' किंवा 'अन्टिल' आणि त्यापुढे एखादा वार, तारीख वा महिना दिसला की पुढे ढकलण्याचा अर्थ निश्चित धरावा. परिचितांनी जे दोन शब्द निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवले होते, तेच त्या निरोपाची किल्ली होते. तिसरी खूण क्रिया चालू आहे की नाही ही. कोणी काहीतरी करत असताना, त्या क्षणी, 'पुटिंग मी ऑफ' म्हणाला, तर तो लक्षाबद्दल बोलतो आहे.

'पुट'चे भूतकाळी रूपही 'पुट'च असते, ही आणखी एक कटकट. 'ही पुट्स इट ऑफ' म्हणजे तो ते काम लांबवत असतो आणि 'ही पुट इट ऑफ' म्हणजे त्याने ते लांबवले. सगळा काळ एका 'स'वर तोलला आहे.

'इट' मध्येच का घुसतो?

'मीटिंग' हा शब्द 'पुट ऑफ'च्या नंतर आला तरी चालतो आणि दोहोंच्या मध्ये आला तरी चालतो. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पण 'मीटिंग'च्या जागी 'इट' हे सर्वनाम आले की ही मोकळीक संपते. 'पुट इट ऑफ' हेच शुद्ध. 'पुट ऑफ इट' असे इंग्रजी बोलणारा माणूस कधीही म्हणत नाही.

हा नियम पाठ करण्यापेक्षा त्यामागचे कारण पाहावे. इंग्रजी वाक्याचा भार शेवटाकडे असतो. जे नवीन किंवा वजनदार, ते शेवटी येते. सर्वनाम हा वाक्यातला सर्वांत हलका शब्द असतो, कारण ज्याच्याबद्दल ते बोलते ते आधीच ठाऊक असते. म्हणून ते मध्ये दबते आणि शेवटची जोराची जागा 'ऑफ'ला मिळते. उलट कर्म लांबलचक असेल, उदाहरणार्थ 'नव्या इमारतीच्या खर्चाबाबतचा निर्णय', तर ते मध्ये कोंबल्यास 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. अशा वेळी 'पुट ऑफ' आधी उरकून घेऊन कर्म शेवटी ठेवतात. मन उडण्याच्या आणि लक्ष ढळण्याच्या अर्थी मात्र माणूस बहुधा मध्येच येतो: 'पुट मी ऑफ', 'पुट हर ऑफ'.

बोलताना 'पुट', 'इट' आणि 'ऑफ' हे तीन शब्द सुटे ऐकू येत नाहीत. 'पुटिटॉफ' असा एकच शब्द कानावर पडतो आणि जोर 'टॉफ'वर असतो. इंग्रजी संभाषण वेगाने निसटून जाते अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना पुष्कळदा शब्द ठाऊक असतात. त्यांच्यातले सांधे ऐकण्याची सवय नसते.

याच ठिकाणी एक शंका येते. क्रियापदामागे 'ऑफ' किंवा 'अप' आला की प्रत्येक वेळी तो फ्रेजल व्हर्बच असतो का? तसे नाही. 'शी रॅन अप अ हिल' आणि 'शी रॅन अप अ बिल' ही इंग्रजी व्याकरणात नेहमी दिली जाणारी जोडी पाहा. पहिल्या वाक्यात ती टेकडीवर धावत गेली, तिथे 'अप'चे नाते टेकडीशी आहे. दुसऱ्यात तिने बिल वाढवून ठेवले, तिथे 'अप'चे नाते 'रॅन'शी आहे. कसोटी सोपी आहे: सर्वनाम मध्ये घालून पाहावे. बिलाबद्दल 'रॅन इट अप' म्हणता येते, टेकडीबद्दल म्हणता येत नाही.

'जायला' नव्हे, 'जाणे'

'पुट ऑफ'नंतर दुसरे क्रियापद आणायचे असेल तर ते 'इंग' लावूनच येते. 'आय पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट' हे बरोबर आणि 'पुट ऑफ टु गो' हे चूक. मराठी माणसाला हा नियम खरे तर जड जाऊ नये. 'मी दंतवैद्याकडे जाणे पुढे ढकलले' असे आपण म्हणतो; 'जायला पुढे ढकलले' असे म्हणत नाही. ढकलायची तर एखादी वस्तू लागते आणि 'जाणे' हे क्रियापदाचे नामात रूपांतर होऊन झालेली वस्तू आहे. इंग्रजीतले 'गोइंग' हे तेच आहे. 'गिव्ह अप स्मोकिंग', 'कीप ऑन वॉकिंग' यांतही हाच हिशेब चालतो.

आता पुढची दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत, कारण सगळा विषय त्यांच्यात सामावला आहे. 'आय पुट ऑफ बाइंग द कार' म्हणजे मी गाडी घेणे लांबणीवर टाकले. इच्छा शाबूत आहे, वेळ बदलली. 'द प्राइस पुट मी ऑफ बाइंग द कार' म्हणजे किंमत पाहून गाडी घेण्यावरून माझे मन उडाले. वेळेचा प्रश्न उरलाच नाही. शब्द बहुतेक तेच आहेत. पहिल्यात 'घेणे' दूर गेले आणि दुसऱ्यात 'मी' दूर गेलो. गाडी विकणाऱ्याने पहिले वाक्य ऐकले तर तो पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करील आणि दुसरे ऐकले तर किंमत कमी करण्याचा विचार करील.

मग सरळ 'पोस्टपोन'च का म्हणू नये?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्यही आहे. औपचारिक सूचना, करार, न्यायालयीन कागद यांत 'पोस्टपोन्ड' किंवा 'डिफर्ड' हेच शब्द शोभतात. तिथे 'पुट ऑफ' सैल वाटते. पण उलट दिशेनेही तितकेच खरे आहे. मित्राशी बोलताना 'मी केस कापणे तहकूब केले' असे कोणी म्हटले तर आपण हसू, कारण सभा तहकूब होते, केस कापणे नव्हे. घरगुती कामांना 'पोस्टपोन' लावले की इंग्रजी कानाला काहीसे तसेच वाटते.

शिवाय 'पुट ऑफ'मध्ये एक छटा आहे, जी 'पोस्टपोन'मध्ये नाही. बैठक पोस्टपोन होते तेव्हा त्यामागे काही कारण असावे, असे आपण गृहीत धरतो. माणूस एखादे काम पुट ऑफ करतो तेव्हा ते त्याला नकोसे आहे, असा वास पुष्कळदा येतो. आज करता येईल ते उद्यावर टाकू नये, या अर्थाची इंग्रजी म्हण 'नेव्हर पुट ऑफ टिल टुमॉरो' अशीच सुरू होते. 'प्रोक्रास्टिनेट' या भारदस्त शब्दाच्या पोटातही लॅटिनमधला उद्या, म्हणजे 'क्रास', लपला आहे. चालढकल हा आपला शब्द या दोन्हींच्या पंक्तीत ताठ मानेने बसतो.

शेजारच्या शब्दांशी गल्लत मात्र होऊ देऊ नये. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. सामना पुट ऑफ झाला तर तिकीट जपून ठेवावे आणि कॉल ऑफ झाला तर पैसे परत मिळतात का ते पाहावे. 'डिले' म्हणजे उशीर, जो कोणीही न ठरवता होऊ शकतो; धुक्यामुळे विमान डिले होते. पुट ऑफ करायला मात्र ठरवणारा कोणीतरी लागतो.

'पुट ऑफ'ची एक खास सोय अशी की त्यात दिशेचा घोळ होत नाही. 'बुधवारची बैठक दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली आहे' असे इंग्रजीत सांगितले, तर ती सोमवारी आहे की शुक्रवारी? हाच प्रश्न विचारून मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कर यांनी 2002 साली असे दाखवून दिले की उत्तर देणारा त्या वेळी स्वतः प्रवासात आहे की एका जागी बसला आहे, यावरही उत्तर बदलते. काळातून आपण पुढे चाललो आहोत असे ज्याला वाटते तो शुक्रवार म्हणतो. काळ आपल्याकडे येत आहे असे ज्याला वाटते तो सोमवार म्हणतो. 'पुट ऑफ'मध्ये हा वाद उद्भवत नाही, कारण दूर म्हणजे आपल्यापासून दूर, म्हणजेच नंतर. उलट दिशेला, तारीख अलीकडे घेण्यासाठी ब्रिटिश माणूस 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतो. आपण सर्रास वापरतो तो 'प्रीपोन' भारतीय इंग्रजीतला आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात त्याला जागा मिळाली आहे, पण भारताबाहेरच्या वाचकाला तो कळेलच असे नाही.

'पुट ऑन'च्या उलट 'पुट ऑफ' नाही का?

कपड्यांच्या बाबतीत आज तसे नाही. कोट अंगात घालणे 'पुट ऑन' आणि काढणे 'टेक ऑफ'. 'पुट ऑफ युअर कोट' असे आज कोणी म्हणत नाही. पण ही चूक करणाऱ्याच्या पाठीशी इतिहास उभा आहे. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये मोशेला पायांतले जोडे काढायला सांगितले जाते, तेव्हा शब्द आहेत 'पुट ऑफ दाय शूज फ्रॉम ऑफ दाय फीट'. त्या काळी 'पुट ऑन'ची उलट बाजू 'पुट ऑफ' हीच होती. त्याहून जुन्या एका जोडीचे अवशेषही इंग्रजीत शिल्लक आहेत. 'डॉन' म्हणजे परिधान करणे आणि 'डॉफ' म्हणजे उतरवणे, हे शब्द 'डू ऑन' आणि 'डू ऑफ' यांची आकसलेली रूपे आहेत. टोपी काढून अभिवादन करणारा माणूस 'डॉफ' करतो, तेव्हा त्याच्या तोंडी एक फ्रेजल व्हर्ब इतका गुळगुळीत झालेला असतो की त्यातला सांधाही दिसत नाही.

दिव्याच्या बाबतीत 'पुट ऑफ द लाइट' हे ब्रिटिश इंग्रजीत चालत आले आहे, पण सर्वत्र कळावे असे वाटत असेल तर 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' म्हणणे बरे.

हे सगळे अतार्किक नाही का?

चार अर्थ, दोन जुने वापर आणि सर्वनामाची अट ऐकल्यावर कोणीही वैतागून असे म्हणेल. त्याने मराठी शिकू पाहणाऱ्या परक्या माणसाच्या जागी क्षणभर उभे राहावे. त्याला 'बसणे' हे क्रियापद पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. मग त्याला कळते की आपला घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, व्यवसायात जम बसतो आणि माणसे किल्ली विसरून बसतात. आणि यांपैकी कोणीही खुर्चीवर बसलेले नसते. आपल्याला यात काही विचित्र दिसत नाही, कारण हे अर्थ आपण यादी करून शिकलो नाही, वाक्यांतून उचलले. 'पुट ऑफ'ही तसाच उचलावा लागतो. वहीत 'पुट ऑफ = पुढे ढकलणे' असे समीकरण लिहिण्याऐवजी कोणी, कोणाला, कशावरून दूर ठेवले हे दाखवणारी दोन वाक्ये लिहून ठेवली, तर ती अधिक काळ उपयोगी पडतात.

इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींकडेही हाच संसार आहे. जर्मन भाषेत काम पुढे ढकलण्यासाठी 'आउफ' आणि 'शीबन' म्हणजे ढकलणे यांचे 'आउफशीबन' होते आणि वाक्यात वापरताना 'आउफ' सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. डच भाषेत 'आउट' या अर्थाच्या धाकट्या शब्दाला 'ठेवणे' या अर्थाचे क्रियापद जोडून तीच क्रिया सांगतात. जुन्या इंग्रजीतही असे शब्द क्रियापदाच्या डोक्यावर बसण्याची रीत जोरात होती. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड', 'फर्गेट' ही तिचीच उरलेली चिन्हे. मध्ययुगात ती रीत मागे पडत गेली आणि धाकटे शब्द क्रियापदाच्या पाठीमागून येऊ लागले.

मात्र क्रियापदापासून नाम किंवा विशेषण घडवायचे झाले की ती जुनी रीत आजही जागी होते. 'ब्रिंग अप' म्हणजे लहानाचे मोठे करणे, पण संगोपनाला म्हणतात 'अपब्रिंगिंग'. साथीचा उद्रेक होतो तेव्हा ती 'ब्रेक आउट' होते, पण उद्रेकाला म्हणतात 'आउटब्रेक'. 'पुट ऑफ'चेही असेच विशेषण आहे: 'ऑफ-पुटिंग'. नवख्याशी तुटकपणे बोलणाऱ्या माणसाची वागणूक ऑफ-पुटिंग असते, म्हणजे पाहताच मन मागे घ्यायला लावणारी. पुढे ढकललेल्या बैठकीला हे विशेषण लावता येत नाही, कारण चार अर्थांपैकी मनाशी निगडित अर्थच त्याने बरोबर आणला आहे. आणि त्यात 'ऑफ' धातूच्या डोक्यावर, 'प्रहार'मधला 'प्र' जिथे बसतो नेमका तिथे, जाऊन बसला आहे.